अंग घामानं ओलं, तरी ताप 105 कसा?

अकरावीतल्या एका मुलीनं विचारलं आहे: "गेल्या मे महिन्यात माझे मोठे बाबा वावरात पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) उपटत होते. दुपारी दोनच्या सुमारास ते बरळायला लागले आणि धुऱ्यावरच कोसळले. अंग घामानं ओलंचिंब होतं. घरी आणून थर्मामीटर लावला तर 105. तापाची गोळी दिली, ताप उतरला नाही. दवाखान्यात नेल्यावर वाचले. आदल्या दिवशी सकाळपासून त्यांनी पाणी भरपूर प्यायलं होतं, तरी त्या रात्री पायात गोळे आले होते. आमच्या पुस्तकात आहे की घामामुळे शरीराचं तापमान स्थिर राहतं. मग घाम असूनही ताप का वाढला? गोळी लागू का पडली नाही? पाणी पिऊनही गोळे का आले? वर्गात विचारलं तर सांगितलं, एवढं खोलात परीक्षेला येत नाही."

बेटा, मोठे बाबा वाचले हे वाचून आधी बरं वाटलं. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 22 उन्हाळे काढले आहेत. अशा अवस्थेत आलेली सगळीच माणसं पायांनी चालत घरी गेलेली मी पाहिलेली नाहीत. त्यामुळे तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी चार ओळींत उरकणार नाही. परीक्षेला येवो न येवो, तुमच्या घरात ते येऊन गेलं आहे.

गोळीपासून सुरू करतो, कारण आपल्याकडे जीव जातात ते याच गैरसमजापायी.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बदामाएवढा भाग आहे. शरीराचं तापमान किती ठेवायचं हे तो ठरवतो, साधारण 37 अंश सेल्सिअस. (तुझा 105 हा आकडा फॅरनहाइटमधला, सेल्सिअसमध्ये तो साधारण 40.6.) आता मलेरिया झाला किंवा घशात जंतूंचा संसर्ग झाला असं समज. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी काही रसायनं रक्तात सोडतात. त्यांच्यामुळे हायपोथॅलॅमसजवळ प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं आणि 37 वर लावलेला काटा 39 वर सरकतो. शरीर अजून 37 वरच असतं, पण हायपोथॅलॅमसच्या लेखी ते आता गार पडलेलं आहे. म्हणून तो त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतो, हातपाय थंड पडतात, स्नायूंना थरथरायला लावून उष्णता तयार करतो. 'थंडी वाजून ताप आला' असं आपण म्हणतो ते हेच. भर दुपारी माणूस गोधडी मागतो. पॅरासिटामॉलची गोळी हे प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाही, काटा पुन्हा 37 वर येतो, आणि आता 39 वर असलेलं शरीर जास्तीची उष्णता बाहेर टाकू लागतं. मग आजी म्हणते, घाम फुटला, ताप उतरला.

मोठ्या बाबांच्या शरीरात यातलं काहीच झालेलं नव्हतं. त्यांच्या हायपोथॅलॅमसचा काटा 37 वरच होता. तो तर जीव तोडून शरीर थंड करायला सांगत होता. घामाचा शेवटचा थेंब, त्वचेकडे वळवता येईल तेवढं रक्त, सगळं कामाला लावलं होतं. पण येणारी उष्णता जाणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त होती. जो काटा सरकलाच नाही, तो गोळी खाली कुठून आणणार? उलट उष्माघातात यकृताला आधीच मार बसलेला असतो, त्यात गोळीचा भार वाढतो.

आपल्या बोलीत दोन्हीला 'ताप'च म्हणतात. शब्द एक असल्यामुळे उपायही एकच केला जातो, आणि घात होतो तो इथं.

तेंदूपत्त्याच्या हंगामातली एक दुपार माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मोटरसायकलवर मधे बसवून, सोलापुरी चादरीत मानेपर्यंत गुंडाळून दोन भाऊ तिसऱ्याला घेऊन आले. मी चादर ओढली तसा मोठा भाऊ हात धरायला लागला. "साहेब, ताप लय हाये, हवा लागू देऊ नोका." गुदद्वारातून तापमान घेतलं, 41.8. काखेत मोजलं असतं तर कमी दिसलं असतं. आतल्या अवयवांचं खरं तापमान तिथं कळत नाही. आम्ही सगळे कपडे उतरवले. गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात चहासारखं गरम असतं, म्हणून शिपायानं व्हरांड्यातल्या रांजणाचं पाणी तांब्या-तांब्यानं ओतायला घेतलं. दोन पंखे अंगावर लावले. लसीच्या डब्यात ठेवायचे बर्फाचे पॅक मानेला, काखेत, जांघेत दाबून धरले, कारण मोठ्या रक्तवाहिन्या तिथं कातडीच्या जवळून जातात. नर्सबाई दर पाच मिनिटांनी आकडा वाचत होत्या: 41.2, 40.6, 40.1. सुमारे चाळीस मिनिटांनी 39 च्या खाली आला तेव्हा आम्ही थांबलो. त्यानं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलला, "माह्ये पुडे मोजले का?" दिवसभर तोडलेल्या पानांची त्याला काळजी. मोठा भाऊ भिंतीला टेकून रडायला लागला.

त्या चाळीस मिनिटांत आम्ही तापाची एकही गोळी दिली नव्हती.

आता घामाकडे येऊ. तुमच्या दहावीच्या विज्ञानात अप्रकट उष्मा आणि सापेक्ष आर्द्रता होती, आठवते? तो धडा भौतिकशास्त्राचा म्हणून बाजूला पडतो, आणि जीवशास्त्रात 'घामामुळे शरीर थंड राहते' एवढं एक वाक्य उरतं. हे दोन्ही धडे शेजारी ठेवून वाचले पाहिजेत. 100 अंशांवर एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला 540 कॅलरी लागतात. त्वचेच्या तापमानाला हा आकडा थोडा जास्त असतो, साधारण 580. म्हणजे एक लीटर घाम त्वचेवर पूर्ण वाळला तर तो सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो.

वही काढ आणि हिशेब कर. मोठ्या बाबांचं वजन 60 किलो धर. माणसाच्या शरीराची विशिष्ट उष्माधारकता पाण्यापेक्षा थोडी कमी असते, 0.83. म्हणजे त्यांचं अख्खं शरीर एक अंशानं तापायला सुमारे 50 किलोकॅलरी पुरतात. नुसतं बाजेवर पडून राहिलं तरी माणूस तासाला 70 च्या आसपास किलोकॅलरी उष्णता तयार करतो. पऱ्हाट्या उपटणं हे कमरेचं, खांद्याचं, मांड्यांचं काम. स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात त्यातली जेमतेम पाव हिस्सा कामात उतरते, बाकीची उष्णता होते. अशा मेहनतीत तासाला 300 किलोकॅलरी उष्णता सहज तयार होते. ती बाहेर पडलीच नाही तर? 300 भागिले 50. एका तासात सहा अंश. 37 चे 43, आणि माणूस संपला. रोज शेकडो मजूर हे काम करून संध्याकाळी घरी येतात आणि भाकर खातात, ते फक्त ही उष्णता बाहेर जात राहते म्हणून.

ती जाण्याच्या वाटा कोणत्या? हिवाळ्यात हवा 20 अंशांवर आणि त्वचा 33-34 वर असते. तेव्हा उष्णता त्वचेकडून हवेकडे आपोआप जाते, घाम लागतही नाही. मे महिन्यात आपल्याकडे हवा 44-45 वर जाते. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे त्याहूनही वर. आता हवाच त्वचेपेक्षा गरम. उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते, म्हणजे आता ती उलटी, आपल्या अंगात शिरते. वरून ऊन, खालून तापलेली काळी माती. सगळ्या वाटा बंद झाल्या, एक सोडून. घाम. आणि घामही कसा? वाळणारा.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर या 'वाळणारा' शब्दात आहे. घाम थंड नसतो, त्याच्या वाळण्यानं थंडावा येतो. भुवईवरून टपकलेला, सदऱ्यात मुरलेला, मातीत पडलेला घाम शरीरातलं पाणी आणि मीठ घेऊन गेला, पण उष्णता मागेच ठेवून गेला. 'अंग ओलंचिंब होतं' असं तू लिहिलंस. पुष्कळ घाम येत होता एवढंच त्यावरून कळतं. तो वाळत होता का, हे कळत नाही.

तुमच्या घरी कूलर असेलच. एप्रिलमध्ये खस ओली झाली की कूलर खोली कशी गारेगार करतो, आणि जुलैत तोच कूलर, तेच पाणी, तोच पंखा नुसती चिकचिक वाढवतो. कूलर बिघडलेला नसतो. हवेत आधीच वाफ भरलेली असते, खसमधलं पाणी वाळायला जागाच नसते. आपली त्वचा ही तशीच खस आहे. कोरड्या एप्रिलमध्ये 43 अंशांत माणूस काम करून जातो, आणि मेच्या शेवटी, नवतप्यात, कधी वळवाची सर येऊन गेली की 40 अंशांतही माणसं पडतात. पारा उतरला म्हणून गाफील राहू नये ते यासाठी. मी तर त्या दिवसांत ओपीडीत एक खाट पंख्याखाली रिकामीच ठेवतो.

पाहायचं असेल तर घरीच बघ. दोन सारखे थर्मामीटर शाळेतून माग, तापाचे नकोत, प्रयोगशाळेतले. एकाच्या फुग्याला ओल्या सुती कापडाची चिंधी बांध. दोन्ही सावलीत टांग आणि पुठ्ठ्यानं वारा घाल. एप्रिलच्या दुपारी ओला थर्मामीटर कोरड्यापेक्षा बराच खाली उतरलेला दिसेल. पहिल्या पावसानंतर पुन्हा बघ, दोघांतलं अंतर आकसलेलं असेल. हे अंतर म्हणजे तुझ्या घामाला मिळालेली संधी. ओला थर्मामीटर 35 च्या जवळ पोचला की धडधाकट माणूससुद्धा सावलीत नुसता बसून फार काळ तग धरू शकत नाही. काम करणाऱ्यासाठी धोका त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो.

कोरड्या हवेत घामाची ताकद किती असते याचा एक जुना प्रयोग मला फार आवडतो. लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅगडेन नावाचा डॉक्टर 1774 साली मित्रांसोबत एका तापवलेल्या खोलीत शिरला. हवा कोरडी आणि पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षाही गरम. आत ठेवलेली अंडी उकडून घट्ट झाली, मांस शिजलं, आणि तो माणूस काही मिनिटांनी चालत बाहेर आला. त्याच हवेत मांस शिजतं आणि माणूस टिकतो, कारण मांसाला घाम येत नाही. 1775 मध्ये त्यानं हे छापून प्रसिद्ध केलं. खोलीत पाण्याची वाफ भरली असती तर तो इतका वेळ टिकला नसता.

हा प्रयोग तू करायचा नाहीस, हे लिहून ठेवतो.

मोठ्या बाबांनी त्या दिवशी अंगात काय घातलं होतं? तू लिहिलेलं नाहीस. टेरिकॉटचा घट्ट सदरा असेल तर कापडाच्या आत वाफ साचते, कूलरवर प्लास्टिक टाकल्यासारखं. सुती, ढगळ, फिक्या रंगाचं कापड आणि डोक्याला दुपट्टा, हे आपल्या म्हाताऱ्यांचं शहाणपण शरीरशास्त्राला धरून आहे. खिशात कांदा ठेवण्याचं मात्र तसं नाही. कांदा उष्णता ओढून घेत नाही. कांदा जेवणात जरूर खावा. त्याच्या भरवशावर दुपारी वावरात थांबू नये.

यानंतरचा भाग पुस्तकात 'रक्ताभिसरण' या दुसऱ्याच धड्यात आहे. उष्णता तयार होते खोल स्नायूंत आणि बाहेर पडते कातडीवरून. मधला हमाल म्हणजे रक्त. गारव्यात, आरामात बसलं असता त्वचेला मिनिटाला पाव ते अर्धा लीटर रक्त पुरतं. कडक उन्हात त्वचेतल्या रक्तवाहिन्या इतक्या उघडतात की तिकडे मिनिटाला सहा-सात लीटरपर्यंत रक्त जाऊ शकतं. गोऱ्या माणसाचा चेहरा उन्हात लाल होतो तो यामुळे. पण अंगात एकूण रक्त जेमतेम पाच लीटर आणि हृदय एकच. तेवढ्याच रक्तावर मेहनत करणाऱ्या स्नायूंचाही हक्क आहे. मग शरीर आतडी आणि मूत्रपिंडांचं रक्त आखडतं करतं. हृदय जोरात धावतं. त्यात तासाला लीटरभर घाम गेला तर तो शेवटी रक्तद्रवातूनच गेलेला असतो, म्हणजे हमालांची संख्याच कमी होत जाते. एका टप्प्याला शरीरापुढे दोनच वाटा उरतात: त्वचेला रक्त देऊन उष्णता काढायची, की रक्तदाब राखून मेंदू जागा ठेवायचा. त्या वेळी त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, उष्णता आत कोंडते, आणि तापमान भराभर चढतं. मोठ्या बाबांचं बरळणं मला सगळ्यात महत्त्वाचं लक्षण वाटतं. तापमान 40 च्या वर आणि सोबत मेंदूची गडबड, म्हणजे बरळणं, झोकांड्या, झटके किंवा बेशुद्धी, याला उष्माघात म्हणतात.

आतड्यांचं रक्त तुटलं की त्यांचं अस्तर कच्चं पडतं आणि आतल्या जंतूंची विषं रक्तात उतरतात. स्नायू तुटून त्यांतली प्रथिनं मूत्रपिंडात अडकतात. रक्त नको तिथं गोठतं. म्हणून ताप उतरल्यावरही माणसाला दवाखान्यात ठेवावं लागतं. घरचे म्हणतात, आता तर बोलतो आहे, नेतो घरी. नेऊ नये.

उष्माघातात घाम बंद होऊन कातडी कोरडी पडते असं अनेक पुस्तकांत लिहिलेलं असतं. ते म्हाताऱ्या, आजारी माणसांत जास्त दिसतं, जे टिनाच्या घरात दोन-तीन दिवस तापत पडलेले असतात. राबणारा माणूस पडतो तेव्हा पुष्कळदा घामानं निथळत असतो. घाम आहे म्हणजे उष्माघात नाही, असं समजून मी स्वतः उमेदीच्या काळात एका पेशंटला ताटकळत ठेवलं होतं. तो वाचला, पण त्या अर्ध्या तासाचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून हे तुला इतकं ठासून सांगतो आहे.

शाळेत प्रार्थनेला उन्हात उभी राहून मुलं चक्कर येऊन पडतात, ते याच गोष्टीचं साधं रूप. त्वचेतल्या वाहिन्या उघडलेल्या, पायांत रक्त साचलेलं, मेंदूला क्षणभर कमी पडलं. पडलेल्या मुलाला लगेच उभं करू नका, आडवं ठेवून पाय वर धरा. तू स्वतःवर मोजून बघ. पाच मिनिटं पडून राहा, नाडी मोज. मग उभी राहा आणि मिनिटभरात पुन्हा मोज. काही ठोके वाढलेले दिसतील. दुपारी उन्हातून आल्यावर, पाणी पिण्याआधी हेच कर. फरक वाढला असेल तर रक्तातलं पाणी कमी झाल्याची ती खूण असू शकते.

आता पायातले गोळे. इथं मी थोडा जास्त वेळ घेतो, कारण 'पाणी प्या, पाणी प्या' हे सगळेच सांगतात, आणि पाणी पिऊनही माणसं येतात.

घाम खारट असतो हे ओठांवर आलेल्या थेंबावरून तुला ठाऊक आहे. एका लीटर घामात साधारण एक ते तीन ग्रॅम मीठ असतं. कोणाच्या घामात किती, हे माणसागणिक बदलतं. सदरा वाळल्यावर पाठीवर पांढरे नकाशे उमटतात ना, ते मीठ. आदल्या दिवशी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत मोठ्या बाबांचा पाच लीटर घाम गेला असं धर. पाच ते पंधरा ग्रॅम मीठ गेलं. त्यांनी काय भरून काढलं? नुसतं पाणी. रक्तात सोडिअम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, पातळ झालं. स्नायूचं आकुंचन आणि चेतांमधून (नसांमधून) जाणारे संदेश सोडिअम, पोटॅशिअम यांच्या आत-बाहेर होण्यावर चालतात. थकलेला स्नायू, त्यात मिठाची तूट. मग पोटरी दगडासारखी आवळून येते. आदल्या रात्रीचे गोळे हा निरोप होता, तो कुणाला वाचता आला नाही. तुझं पत्र आलं म्हणून निदान पुढच्या वेळी वाचता येईल.

शरीर गप्प बसलेलं नसतं. रक्त थोडं घट्ट झालं की हायपोथॅलॅमस एडीएच हे संप्रेरक सोडायला लावतो आणि मूत्रपिंड पाणी परत शोषून घेतं. लघवी थोडी आणि गडद पिवळी होते. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथीतून येणारं ॲल्डोस्टेरॉन हे संप्रेरक सोडिअम वाचवतं, मूत्रपिंडातही आणि घर्मग्रंथीच्या नळीतही. घाम ग्रंथीच्या तळाशी तयार होतो तेव्हा जवळजवळ रक्तद्रवाइतकाच खारट असतो. वर येताना नळीतून बरंचसं मीठ परत शोषलं जातं. घामाला उत्सर्जन म्हणून एका ओळीत मोकळं करणाऱ्या पुस्तकांनी ही नळी दाखवायला हवी होती असं मला नेहमी वाटतं. तिचा पसारा केवढा! आपल्या अंगावर अशा वीस ते चाळीस लाख ग्रंथी आहेत. जाता जाता, दारू एडीएच दाबते. उन्हात राबून संध्याकाळी मोहाची घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी वावरात उतरतो तो पाण्याची तूट घेऊनच.

मग प्यायचं काय? आतड्याच्या पेशीत एक वाहक प्रथिन आहे. ते सोडिअमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू जोडीनंच आत घेतं, आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं. नुसतं मीठ किंवा नुसतं पाणी दिलं तर हा दरवाजा पुरता उघडत नाही. जलसंजीवनीचं सगळं मर्म या जोडीत आहे. 1971 च्या युद्धात बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाइन संपत आलं होतं. तिथं डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरून लोकांना पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण झपाट्यानं खाली आणलं. तेच तत्त्व तुझ्या घरच्या स्वयंपाकघरात आहे: एक लीटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चहाचे चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजानं टाकू नकोस, जास्त मीठ घातक आहे. पुडी मिळाली तर ती सगळ्यात चांगली. ती लीटरभर पाण्यात पूर्ण मिसळायची, गिलासात अर्धी-अर्धी करून नाही. ज्वारीची आंबील, मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं, ही आपली पेयं याच वाटेवरची आहेत आणि मला मनापासून आवडतात. बाटलीतल्या रंगीत थंड पेयात साखर ढीगभर असते आणि मीठ नावाला.

बेशुद्ध किंवा बरळणाऱ्या माणसाच्या तोंडात मात्र यातलं काहीही ओतायचं नाही. ते फुप्फुसात जातं. त्याला सावलीत न्या, कपडे उतरवा, सापडेल ते पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि 108 ला फोन लावा. गाडी येईपर्यंत पाणी आणि वारा थांबवू नका. आधी थंड करायचं, मग न्यायचं. गाडीतही थंड करत राहायचं. पहिल्या अर्ध्या तासात जे होतं ते नंतर कुठल्याही मोठ्या दवाखान्यात भरून निघत नाही.

जीवशास्त्र घेतलंस म्हणून एक गोष्ट आणखी. घर्मग्रंथींना आदेश देणाऱ्या चेता अनुकंपी संस्थेच्या, म्हणजे संकटात शरीराला सज्ज करणाऱ्या असतात, पण त्यांच्या टोकाशी रसायन असतं ॲसिटिलकोलिन, जे एरवी परानुकंपी, म्हणजे आरामात शरीर चालवणाऱ्या संस्थेचं म्हणून तुम्ही पाठ करता. हा अपवाद आपल्या भागात जीवनमरणाचा आहे. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली कीटकनाशकं ॲसिटिलकोलिन मोडणारं विकर (एन्झाइम) बंद पाडतात. मग घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, सगळं वाहत राहतं आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते तू लहानपणी घरी ऐकलं असशील. कपाशी छातीएवढी वाढलेली, हवा दमट, अंग घामानं भिजलेलं, आणि उघडलेल्या रक्तवाहिन्यांची तीच त्वचा विषही जास्त शोषते. याउलट धोत्र्याच्या बियांतलं अट्रोपिन ॲसिटिलकोलिनचा रस्ता अडवतं. धोत्रा खाल्लेलं लेकरू येतं तेव्हा अंग कोरडं ठणठणीत, लाल आणि तापलेलं असतं, बाहुल्या मोठ्या झालेल्या. एकाच चेतातंतूच्या टोकाशी घडणाऱ्या या दोन उलट गोष्टी. परीक्षेला एवढं येत नाही, हे खरं असेल. ओपीडीत दरवर्षी येतं.

आता मोठे बाबा. ते पुन्हा वावरात जातीलच, घरी बसा म्हणून चालणार नाही. शरीराला उन्हाची सवय होते आणि त्याला एक-दोन आठवडे लागतात. रोज थोडं-थोडं उन्हात राबलं की रक्तद्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि जास्त येतो, पण त्यातलं मीठ कमी होतं. ॲल्डोस्टेरॉनचंच ते काम. त्याच कामाला मग नाडी कमी धावते. ही सवय दोन-चार आठवडे घरात बसलं तर उतरूनही जाते. म्हणून लग्नसराई आटोपून किंवा आजारातून उठून एकदम दिवसभराच्या कामाला लागलेले मजूर पहिल्या दोन-तीन दिवसांत जास्त पडतात. ज्याला एकदा उष्माघात झाला, त्याच्या शरीराला पुढे बराच काळ ऊन झेपत नाही.

तेव्हा यंदा त्यांना आधी दवाखान्यात दाखवून घ्या, रक्तदाबाची किंवा आणखी कसली गोळी सुरू असेल तर ती सोबत न्या. काही औषधं लघवी वाढवतात, काही घाम कमी करतात. पहिल्या दिवशी सकाळी तासभरच काम, दुसऱ्या दिवशी दीड तास, असं दहा-बारा दिवस चढवत न्यायचं. अकराच्या आत धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली. एकट्यानं जायचं नाही, कारण बरळणाऱ्या माणसाला आपण बरळतो आहोत हे कळत नसतं. लघवी पिवळी होते आहे का, हे त्यांनी स्वतः बघायचं. लाजायचं कारण नाही, मी माझ्या वडिलांनाही हेच विचारतो. आणि पाण्याच्या कॅनसोबत साखर-मिठाच्या मोजून बांधलेल्या पुड्या तू दे, एका लीटरला एक. वरती पेनानं आकडा टाक, म्हणजे संध्याकाळी किती उरल्या ते मोजता येईल.